याला मार्क किती?

हिंगोलीच्या माणसाला बाहेरगावी आपला जिल्हा समजावून सांगायची सवय करून घ्यावी लागते. "म्हणजे नांदेडजवळ का?" हो. "का परभणीकडं?" तेही बरोबर, कारण १ मे १९९९ पर्यंत आम्ही परभणी जिल्ह्यातच होतो. मग मी औंढा नागनाथचं ज्योतिर्लिंग सांगतो, नामदेव महाराजांचं नर्सी सांगतो, वसमतची हळद सांगतो. एवढ्यात कुठंतरी समोरच्याचा चेहरा उजळतो. अलीकडं मात्र पुण्यातल्या शिकल्यासवरल्या मंडळींकडून उलटा प्रश्न येतो, "अरे, ते लायगो तुमच्याकडंच होतंय ना?"

होय मंडळी, आमच्याकडंच. औंढा तालुक्यात, दुधाळा गावाजवळ. काटकोनात जोडलेले दोन बाहू, प्रत्येकी चार किलोमीटर लांब, आत निर्वात नळ्या आणि त्यातून धावणारा लेझर. खूप दूर कुठंतरी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की अवकाशाला जो अतिसूक्ष्म हेलकावा बसतो, तो पकडायचं हे यंत्र. केंद्र सरकारनं १७ फेब्रुवारी २०१६ ला तत्त्वतः होकार दिला आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली. असल्या यंत्राला जमिनीचा गोंगाट आणि माणसांची वर्दळ दोन्ही कमी असलेली जागा लागते. (मधूनमधून पांगरा शिंदेच्या बाजूला जमीन गुरगुरते, ते सोडा!) वर्दळ कमी असणं हा गुण म्हणून मोजला जायची आमच्या जिल्ह्याची ही पहिलीच वेळ असावी.

गावाकडं याबद्दल बोलणं निघालं की गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबते: आपल्या पोरांना नोकऱ्या लागतील का? आणि मग नोकऱ्यांची यादी होते. वॉचमन, ड्रायव्हर, मेसचं कंत्राट, बांधकामावर खडी टाकायचं काम. यातल्या कुठल्याच कामाला मी कमी लेखत नाही, घरात पगार येतो तो महत्त्वाचाच. पण ही यादी ऐकताना दर वेळी मला वाटतं, की हिच्यात एक काम राहून गेलंय. त्या यंत्रातून जे आकडे बाहेर पडणार, त्यांच्यासमोर बसून "हे बघा, इथं काहीतरी आहे" असं म्हणणारा माणूस. तो आमच्या पाच तालुक्यांतला का असू नये?

हे आकडे कसे असतात, ते थोडं सांगतो. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगो केंद्रांनी पहिली गुरुत्वलहर पकडली. तिचा ऐकू येण्याजोगा भाग होता जेमतेम ०.२ सेकंदाचा. त्या वेळची नोंद आज कुणालाही फुकट उतरवून घेता येते, सोबत पायथॉनमधले धडेही आहेत. ३२ सेकंदांची फाईल घेतली, सेकंदाला ४,०९६ नोंदींच्या हिशेबानं, तर तिच्यात १,३१,०७२ आकडे असतात. नुसते बघितले तर सगळा गोंगाटच. नर्सीच्या यात्रेत लाऊडस्पीकर, पाळणे, भेळवाले, रडणारी पोरं असा सगळा कल्लोळ असताना लांब कुठंतरी ओळखीचा अभंग चालू असावा, तसं. अभंगाची चाल आधीच माहीत असेल तर कान बरोबर तो उचलतो. लायगोत हेच आकडेमोडीनं करतात. लहर कशी दिसेल त्याचा आकार आधी मांडायचा आणि तो नोंदीवर एकेक घर सरकवत कुठं जुळतो ते बघायचं. पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी या शोधपद्धतीवर १९९१ मध्येच पायाभूत काम करून ठेवलं होतं, लहर सापडायच्या जवळजवळ पाव शतक आधी.

आता हिशेब करा. ०.२ सेकंदाच्या आकारात साधारण ८१९ आकडे. तो १,३१,०७२ जागी ठेवून बघायचा, म्हणजे दहा कोटींहून जास्त गुणाकार. आणि आकार एक नसतो, २०१५ च्या त्या शोधात असे सुमारे अडीच लाख आकार वापरले होते! साध्या पद्धतीनं करत बसलं तर मशीन कितीही महागाचं आणा, दम निघणार. म्हणून मग त्याच उत्तरापर्यंत फार कमी पायऱ्यांत पोचायची युक्ती लागते. असल्या युक्त्यांच्या अभ्यासाला अल्गोरिदम म्हणतात, आणि आपल्याकडं तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भेटतो. भेटला तर.

आमच्याकडं 'कॉम्प्युटर शिकणं' याचा अर्थ माझ्या पिढीपासून वेगळाच राहिला. २००१ मध्ये एमकेसीएल आणि एमएससीआयटी आली आणि तालुक्याच्या गावात, मग मोठ्या खेड्यांत केंद्रं निघाली. त्या कोर्सनं फार मोठं काम केलंय. ज्या बायकांनी कधी टाइपरायटरलाही हात लावला नव्हता, त्यांनी मराठीत समजावून घेत माउस धरला, सर्टिफिकेट मिळवलं, नोकरीच्या अर्जाला जोडलं. पण कॉम्प्युटर वापरता येणं आणि कॉम्प्युटरला काय सांगायचं याचा विचार करता येणं, या दोन गोष्टींत ट्रॅक्टर चालवणं आणि ट्रॅक्टर बनवणं एवढा फरक आहे. ट्रॅक्टर चालवता आलाच पाहिजे. पण गावात एखादं पोरगं असं असतं की जे इंजिन उघडून बसतं. त्याचं काय?

गंमत म्हणजे सरकारनं त्याची सोय एका परीनं केली होती. अकरावी-बारावीला 'बायफोकल' नावाचा प्रकार होता. मी २००२ मध्ये नांदेडला अकरावीत गेलो तेव्हा कॉम्प्युटर सायन्स बायफोकल घेतलं. २०० मार्कांचा विषय. डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस, ८०८५ मायक्रोप्रोसेसर... विद्यापीठात पदवीला शिकवायचा ऐवज सोळा वर्षांच्या पोरांपुढं ठेवलेला. कागदावर बघितलं तर हुशार मुलांसाठी याहून चांगली योजना कुठली असणार? पण आम्ही तो घेत होतो, कारण त्यात मार्क पडत. प्रश्न ठरलेले, प्रोग्राम ठरलेले, लिंक्ड लिस्टची व्याख्या पाठ. लॅबबाहेर चपला काढायच्या, आत एका मशीनवर चौघं, आणि चौघांतल्या एकाच्या हातात कीबोर्ड. दुसरी एक गोष्ट मला तेव्हा खुपली नाही, आता खुपते. बायफोकल घ्यायचं तर दुसरी भाषा सोडावी लागे. म्हणजे दहावीपर्यंत सगळा विचार ज्या मराठीत केला, तीच सोडून आम्ही कॉम्प्युटर घेतला. त्या वयात नव्या गोष्टीचा विचार करायला हाताशी असलेली एकुलती एक भाषा, आणि तिचीच जागा कॉम्प्युटरला दिलेली!

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची.

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, दाजींची वसमतजवळ हळदीची शेती. पोरगी नववीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती त्या उन्हाळ्यात मी आठ दिवस गावी होतो. शिजवून वाळवलेल्या हळदीचे ढीग समोर पडलेले. मी तिला एक कोडं घातलं. समज, चार ढीग एका रांगेत आहेत. शेजारशेजारचे दोनच ढीग एकत्र करता येतात. एकत्र करायची हमाली त्या दोन ढिगांच्या वजनाएवढी. ६ आणि ४ क्विंटलचे ढीग एक केले तर १० रुपये. असं करत करत शेवटी एकच ढीग करायचा, कमीत कमी हमालीत. कसं करशील?

दाजींनी लगेच हरकत घेतली, "असली हमाली कोण देतंय?" त्यांचं खरंच होतं. पण पोरगी म्हणाली, "सोपं आहे की मामा. सगळ्यात लहान जोडी आधी उचलायची." मी म्हटलं, "बघ बरं, नेहमी असंच होतं का?" आणि पुण्याला निघून आलो.

दहा-बारा दिवसांनी रात्री तिचा फोन. "मामा, तसं नाही होत. सहा, चार, चार, सहा घ्या." मी कागद ओढला. लहान जोडी आधी, म्हणजे ४ आणि ४ चे ८. मग ६ आणि ८ चे १४. मग २०. एकूण ४२. आता कडेनं करा: ६ आणि ४ चे १०, तिकडून ४ आणि ६ चे १०, मग २०. एकूण ४०! दोन रुपयांचा फरक. "म्हणजे आधी स्वस्त वाटतं ते शेवटी महाग पडतंय," ती म्हणाली. हे वाक्य कॉम्प्युटर सायन्सच्या वर्गात ज्या धड्याच्या सुरुवातीला यायला हवं, तो धडा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी शिकलो होतो. तिनं तो गृहपाठाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर गाठला होता. घरात कॉम्प्युटर नव्हता. लागलाही नाही.

पुढचे दोन महिने आम्ही त्या कोड्याच्याच मागे होतो. चार ढीग एकत्र करायचे पाच प्रकार होतात, ते तिनं मोजले. आठ ढिगांचे ४२९ होतात. वीस ढिगांचे किती, तर १७६ कोटींहून जास्त. सगळे करून बघणं शक्य नाही. पण दोन ढिगांचं उत्तर आधी काढून लिहून ठेवलं, त्यावरून तीनचं, त्यावरून चारचं, असं चढत गेलं तर वीस ढिगांना १९० चौकटींचा तक्ता भरला की काम झालं. १७६ कोटी आणि १९०! हा फरक स्वतःच्या हातानं काढल्यावर ती फोनवर थोडा वेळ बोललीच नाही. गणित सुटल्यावर असं गप्प होणारं माणूस मी ओळखतो.

ताईला आनंद झाला. दाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "याला मार्क किती?"

या प्रश्नाला हसू नका. दाजी अडाणी नाहीत आणि पोरीच्या विरोधात तर मुळीच नाहीत. हळदीचा भाव एका हंगामात अर्ध्यावर येताना ज्यानं बघितलाय, तो माणूस पोरीच्या वेळेचाही हिशेब मागणारच. नववी-दहावीची दोन वर्षं आणि पुढची दोन, एवढ्या चार वर्षांत घराचं नशीब बदलतं किंवा बदलत नाही. आमच्याकडच्या हुशार पोरांचा रस्ता ठरलेला आहे: दहावीला नव्वदच्या पुढं, मग लातूर किंवा नांदेड, मग नीट नाहीतर जेईई. त्या रस्त्यावरून माणसं पोचलेली दिसतात. शेजारच्या गावातला डॉक्टर त्याच रस्त्यानं झाला. माझ्या कोड्याच्या रस्त्यानं कोण कुठं पोचलंय, हे दाजींनी कुठं बघितलंय?

म्हणून मी त्यांना एक जुनी गोष्ट सांगितली. १९६८ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला जोसेफ बेट्स नावाचा बारा वर्षांचा मुलगा होता. गणितात वर्गाच्या इतका पुढं, की आईबापांनी त्याला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉम्प्युटरच्या वर्गाला बसवलं. तिथंही तो पुढं गेला आणि मोठ्या विद्यार्थ्यांना फोरट्रान शिकवत बसला. याचं करायचं काय, हे त्याच्या शिक्षकालाही कळेना. त्या शिक्षकानं एकच केलं, पोराला ज्युलियन स्टॅन्ली नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाकडं नेलं. स्टॅन्लींनी त्याला कॉलेजप्रवेशाची, म्हणजे वयानं कितीतरी मोठ्या मुलांची परीक्षा दिली आणि त्यात तो चमकला. शाळा त्याला वरचं शिकवायला तयार होईनात, तेव्हा तेराव्या वर्षी तो थेट विद्यापीठात दाखल झाला. या एका मुलामुळं स्टॅन्लींनी १९७१ मध्ये असामान्य गणिती मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू केला आणि १९७९ मध्ये त्याच विद्यापीठात अशा मुलांसाठी केंद्र निघालं. आपल्याकडं पुण्यात आप्पा पेंडशांनी ज्ञानप्रबोधिनी १९६२ मध्येच सुरू केली होती, म्हणजे विचार काही परका नाही. मला त्या गोष्टीतला महत्त्वाचा माणूस वाटतो तो कॉम्प्युटरचा शिक्षक. स्वतःला झेपेना म्हणून त्यानं पोराला गप्प बसवलं नाही. कुणाला तरी दाखवलं.

दाजी म्हणाले, "ते अमेरिकेत." बरं. मग आपल्याकडचं सांगतो.

इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाड नावाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९८९ पासून होते, भारत २००२ पासून त्यात उतरतो. शाळेतली मुलं, देशाचे चार जण. आपल्याकडची निवड आयएआरसीएस ही संगणकशास्त्रातल्या संशोधकांची संस्था बघते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद यांनी यात वर्षानुवर्षं काम केलंय. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे, पहिल्या फेरीचा एक प्रकार बरीच वर्षं निव्वळ कागद-पेन्सिलीवर होत असे. चार प्रश्न, प्रत्येकाचे तीन भाग, फक्त उत्तराचा आकडा लिहायचा. प्रोग्रामिंग येण्याची अट नाही. ज्यांच्या शाळेत कॉम्प्युटर नाही त्यांनाही दार उघडं असावं, हाच हेतू. त्या जुन्या प्रश्नपत्रिका आजही नेटवर मिळतात, आणि हळदीच्या ढिगांची सख्खी भावंडं त्यात जागोजागी भेटतात. आणि मार्कांचंच बोलायचं तर, चेन्नईच्या त्याच संस्थेत आणि हैदराबादच्या ट्रिपल आयटीत ऑलिंपियाडमधली कामगिरी प्रवेशासाठी धरली जाते. हे ऐकून दाजींनी पहिल्यांदा मान हलवली.

दुसरं, एनपीटीईएल. २००३ मध्ये आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीनं मिळून सुरू केलेलं. मुकुंदसरांचा पायथॉनमधून प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम शिकवणारा आठ आठवड्यांचा कोर्स तिथं आहे. शिकायला पैसे नाहीत, परीक्षा द्यायची तरच फी. तिसरं, आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी, जिची घोषणा २०२० मध्ये झाली. अकरावी झालेल्या मुलांना पात्रता परीक्षेला बसता येतं, पास झालं तर प्रवेश बारावीनंतर. तिथल्या कॉम्प्युटेशनल थिंकिंगच्या तासांची सुरुवात बघून मी चाट पडलो. प्रोग्रामिंगचं नाव नाही. मुकुंदसर आणि जी. व्यंकटेश हे दोन अनुभवी शिक्षक टेबलावर कागदी कार्डं घेऊन बसलेत. दुकानांची बिलं, मुलांचे मार्क, उताऱ्यातले शब्द. एका ढिगातलं कार्ड उचलायचं, वाचायचं, दुसऱ्या ढिगात ठेवायचं, आणि प्रत्येक वेळी काय लक्षात ठेवावं लागलं ते बोलायचं. भाची म्हणाली, "मामा, हे तर आपल्यासारखंच करायलेत!" खरंच होतं. या तासांचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत.

म्हणजे दार कुणी बंद ठेवलेलं नाही. मोबाइलचा डेटा स्वस्त झाल्याला बरीच वर्षं झाली. मग आमच्याकडची पोरं त्या दारात का दिसत नाहीत? मला दोन कारणं दिसतात.

पहिलं भाषा. वर सांगितलेलं सगळं इंग्रजीत आहे. ऑलिंपियाडचा एकेक प्रश्न म्हणजे पानभर गोष्ट असते. मी भाचीला एक जुना प्रश्न पाठवला तर तीन दिवस उत्तर नाही. फोन केला तर आवाज पडलेला, "मला नाही जमत मामा." मी तोच प्रश्न मराठीत सांगितला, राजाच्या जागी सरपंच घातला, तर अर्ध्या तासात निम्मं गणित सुटलं. तिला अवघड काय जात होतं? गणित नव्हे. पण तिला स्वतःला तसं वाटलं असतं आणि तिनं कायमचं ठरवून टाकलं असतं, की हे आपलं काम नाही. इंग्रजी शिकावीच लागणार, त्याला इलाज नाही. पण दोन अवघड गोष्टी एकाच वेळी डोक्यावर ठेवल्या की कुठल्या ओझ्यानं मान मोडली ते पोराला कळत नाही. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये पायथॉन, सी, लिनक्स असे दहा-दहा मिनिटांचे धडे मराठीत आहेत, ते आम्हाला फार उपयोगी पडले. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी मराठीतून सुरू झाली. म्हणजे खालची पायरी आहे, वरचीही आली. पंधरा वर्षांच्या पोराला अल्गोरिदमचा विचार मराठीत समजावून सांगणारी मधली पायरी मात्र अजून फार अरुंद आहे.

दुसरं कारण, दाखवणारं माणूस. वसमतला नवोदय विद्यालय आहे. तिथं पाचवीत परीक्षा घेऊन पोरं निवडतात, त्यात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. म्हणजे हुशार पोरं हुडकायची पद्धत आपल्याकडं आहे. हुडकल्यावर त्यांना काय द्यायचं, इथं आपली कल्पना संपते. शंभरातले अठ्ठ्याण्णव पाडणाऱ्याला आपण नव्याण्णवसाठी बसवतो. त्याच गणिताचे आणखी वीस नमुने देतो. पोरगं तेही करून टाकतं, शाबासकी घेतं, आणि न सुटणाऱ्या गणितासमोर बसायची वेळ त्याच्यावर थेट अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी येते. तोवर त्याला सवय झालेली असते, की आपल्याला सगळं लगेच येतं. आलं नाही की ते घाबरतं. गावाकडून इंजिनिअरिंगला आलेली माझ्या वर्गातली कितीतरी हुशार पोरं पहिल्या वर्षात अशी गप्प झालेली मी पाहिली.

विद्यापीठातला कोर्स शाळकरी पोरानं करण्यातला खरा फायदा मला इथं वाटतो. चार वर्षं आधी पदवी मिळेल म्हणून नाही. २०२० च्या टाळेबंदीत पहिलीतल्या पोरांना कोडिंग शिकवून करोडपती करायच्या जाहिराती आल्या होत्या, तसलं तर मुळीच नाही. न सुटण्यात आठवडा काढायचा, तरी जेवणखाण नीट करायचं, आणि पुन्हा वही उघडायची, ही सवय पंधराव्या वर्षी लागली तर आयुष्यभर पुरते. तिला मार्क नाहीत. पण मार्कांच्या परीक्षा संपल्यावर जी कामं येतात, ती सगळी असलीच असतात. दुधाळ्यातलं काम तर नक्कीच.

आता भाची अकरावीत आहे, नांदेडला हॉस्टेलवर. दाजींनी ठरवलं, ताईनं मान्य केलं, पोरीनंही. मीही अडवलं नाही, कारण जेईईच्या अभ्यासाला बळ लागतं आणि ते बळ नाकारायचा अधिकार पुण्यात बसून पगार घेणाऱ्या मामाला नाही. मोबाइल फक्त रविवारी मिळतो. तेव्हा आमचा कोर्स आता आठवड्याला अर्ध्या तासाचा. कधी तोही होत नाही, टेस्ट असते. मागच्या महिन्यात तर एकदाही बोलणं झालं नाही. यात ती गोष्ट विझून जाईल का? जाऊ शकते. मला रोज वाटतं ते हेच. परवा ताई भेटून आली तेव्हा म्हणाली, चौकटींचा तक्ता असलेली ती जुनी वही पोरीनं गादीखाली ठेवलीय. म्हटलं, बरं.

असो. नातेवाईक मंडळींसाठी आणि इथं नेहमी येणाऱ्या मित्रांसाठी एवढंच सांगायचंय. तुमच्या गावाकडं, तुमच्या भावकीत एखादं पोरगं असेल जे वर्गात सगळ्यांआधी गणित संपवून खिडकीबाहेर बघत बसतं. त्याला लॅपटॉप घेऊन देण्याआधी एक असं कोडं द्या, जे आठवडाभर सुटणार नाही. मग आठ दिवसांनी न विसरता फोन करून विचारा, "कुठपर्यंत आलास?" उत्तर सांगू नका. तुम्हाला येत नसेल तर फारच उत्तम, दोघं मिळून अडका. आणि त्याची झेप तुमच्या पुढं गेली की त्याला कुणाला तरी दाखवा.

कोडी हवी असतील तर मला लिहा. ऑलिंपियाडच्या धर्तीवरची, आपल्या गावाकडच्या गोष्टींत बसवलेली कोडी मी मराठीत लिहून ठेवतोय. अकरा झालीत. बारावं भाचीनं गेल्या दिवाळीच्या सुट्टीत लिहिलं, शेताला पाणी द्यायच्या पाळ्यांवर. मला अजून सुटलेलं नाही.